नऊ फूट नाव

१

रविवारी दुपारी तीनच्या खेळाला अकोल्याच्या थिएटरात पुढच्या चार रांगा एकाच गावच्या माणसांनी भरल्या होत्या. मूर्तिजापूरच्या पलीकडून बेचाळीस माणसं भाकरी बांधून आली होती, आधी अरुंद रुळांच्या लहान गाडीनं, मग मोठ्या गाडीनं. ती सिनेमा पाहायला आली होती असं म्हणणं काही बरोबर नाही. ती एक नाव पाहायला आली होती. नावामागून अडीच तासांचा सिनेमा येणार होता, तर आता आलोच आहोत तर तोही पाहू, इतकंच.

नाव देवमन इंगळे. वय तेहेतीस. मुंबईत अकरा वर्षं तो स्टुडिओत ऑर्गन आणि पियानो वाजवत होता. समोरच्या पडद्यावर मुकं चित्र पळत असताना त्याच्यामागचं संगीतही तोच रचत होता. नायिका पत्र उघडते तेव्हाचे आठ सूर, म्हातारा बाप दाराशी येतो तेव्हाचे चार, हे सगळं देवमनचं. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या पाटीवरचं नाव मात्र दर वेळी कुणा मोठ्या संगीतकाराचं. मग मोर्शीच्या खुशालरावांना, संत्र्याच्या बागा सांभाळता सांभाळता, उतारवयात सिनेमाचं वेड लागलं आणि त्यांनी 'आंबिया बहार' नावाचा बोलपट काढला. त्यात पहिल्यांदा संगीत आणि पार्श्वसंगीत दोन्ही देवमनच्या नावावर आलं. ही १९६३ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट.

चौथ्या रांगेत जानराव गवई बसले होते. मूर्तिजापूर जंक्शनच्या पार्सल ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. दोरीची गाठ बघून पार्सल कुठल्या गावचं, बांधणारा घाईत होता की निवांत, आणि वाटेत कुणी उघडून परत बांधलंय का, हे ते सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. त्यामुळे नोकरीत त्यांनी चोर पुष्कळ पकडले आणि मित्र थोडेच जोडले.

त्यांच्या शेजारी देवमनची आई पार्बताबाई होती. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून लेकानं खूण सांगून ठेवली होती. प्रत्येक पाटीवर वेगळं चित्र आहे. कॅमेरावाल्याच्या पाटीवर विहीर, तिच्यामागून माझी पाटी, तिच्यावर फुललेली संत्र्याची फांदी.

दिवे गेले. विहीर आली. बेचाळीस माणसं सरसावून बसली, दोघातिघांनी शिट्टीसाठी बोटं तोंडात घातली. विहिरीमागून एकदम बैलजोडी आली, त्यावर 'दिग्दर्शन' अशी अक्षरं, आणि पाठोपाठ सिनेमा सुरू झाला.

“जानरावभाऊ,” पार्बताबाईनं हळूच विचारलं, “फांदी कवा येते?”

पुढच्या रांगेतून देवमन उठला, मागच्यांना पडदा दिसावा म्हणून वाकून चालला, आणि बाहेर निघून गेला. पडद्यावर त्याचंच संगीत चालू होतं.

२

मध्यंतरात थिएटरच्या व्हरांड्यात खुशालरावांना माणसांनी घेरलं. धिप्पाड गडी, पण टोपी हातात धरून शाळेतल्या पोरासारखे उभे होते.

“नाव द्याचं नव्हतं तं तवाच सांगाचं होतं,” देवमन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त वाईट वाटत होतं. “मी माह्या मायले अठी आणलं नसतं.”

“देवमन, लेकराची आन घेऊन सांगतो, पाटी होती! अमरावतीले सात दिवस लोकाइनं पाह्यली. तू मुंबईले होता, नाही तं तुह्या डोयानं पाह्यली असती.”

“मंग अकोल्यात काय झालं? बडनेऱ्याच्या टेसनावर उतरून गेली काय?”

“आपल्या मानसाचं नाव मोठं झालेलं कोनाच्या डोयात खुपते, ते आमाले सांगाले पायजे काय?” मागून कुणीतरी बोललं. बोलला एक, पण मनात सगळ्यांच्या तेच होतं. सहा वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली माणसं ती. कुणाचं नाव मुद्दाम गाळलं जातं तेव्हा काय गाळलं जातं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. खुशालरावांचा चेहरा पडला.

देवमननं खिशातून एक पत्र काढलं. मुंबईतल्या एका मोठ्या संगीतकाराचं होतं. पाच वर्षं माझा सहायक म्हणून राहा, काम बारा महिने, पगार चांगला, नाव मात्र येणार नाही. सोमवारपर्यंत तारेनं कळव.

“मी नाही म्हननार होतो,” तो म्हणाला. “आता हो म्हनतो. तठी निदान आधीच ठाऊक असते का नाव येनार नाही.”

जानरावांना हे सहन झालं नाही. या पोरानं गावच्या समाजमंदिरात फुटक्या हार्मोनियमवर सूर काढलेले त्यांनी ऐकले होते.

“तारऑफिस उद्या आठपर्यंत उघडं असते,” ते म्हणाले. “तवरक तार करू नको.”

“काहून काका?”

“कोनं कापलं ते मले पाहू दे. कापनारे खुशालराव निघाले, तं मीच तुले मेलच्या डब्यात बसवून देतो.”

खुशालरावांनी एकदम मान वर केली. पण त्याच वेळी थिएटरचा मॅनेजर जिना उतरून आला. चोर सापडलाय, म्हणाला. आमचाच ऑपरेटर, धर्मपाल तायडे. उद्यापासून त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय.

३

सहाला खेळ सुटल्यावर जानराव वरच्या खोलीत गेले. देवमन आणि खुशालराव मागून आले, एकमेकांपासून हातभर अंतर राखून. धर्मपाल पंचविशीचा होता. टेबलावर पहिलं रीळ मांडून तो वाटच पाहत होता.

“काका, मी कायले कापीन? माही बायको खाली बसली होती नाव पाहाले!”

“तू कापलं नाही असं मी अजून म्हनलं नाही,” जानराव म्हणाले. “आधी दोरी दाखव.”

फिल्मच्या डब्याची दोरी कोपऱ्यात पडली होती. गाठ न सोडता धर्मपालनं ती कातरली होती. जानरावांनी गाठ बोटांत फिरवली. अमरावतीची बांधणी, एकदाच आवळलेली, लाख शाबूत. वाटेत डब्याला कुणी हात लावलेला नव्हता. म्हणजे पाटी एक तर अमरावतीत कापली, नाही तर याच खोलीत.

धर्मपालनं मग विहीर आणि बैलजोडी यांच्यामधला जोड दिव्यासमोर धरला. फिल्म तुटली की ऑपरेटर कडा खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडतो, आणि ज्याचा त्याचा जोड वेगळा दिसतो. धर्मपालचा जोड यंत्रावर केलेला, रुंद आणि सरळ. हा होता अरुंद, कातरीनं हातानं कापलेला, किंचित तिरपा. असेच तिरपे जोड पुढच्या रिळांत आणखी तीन निघाले.

“तिन्ही ठिकानी अमरावतीले तुटली होती फिल्म,” खुशालराव स्वतःच म्हणाले. “मले ठाऊक हाये, मी बसलो होतो तठी.”

“मंग धर्मपाल सुटला,” जानराव म्हणाले. “किती कापलंय रे?”

“सगळ्या पाट्या सहा-सहा सेकंदाच्या, म्हंजे हेही नऊ फूट. पन काका, एक गंमत हाये. दोन पाट्यांच्या मधात अर्धा-अर्धा फूट नुसतं काळं असते. थेही गेलं. विहीर संपली का लगेच बैल.”

जानराव स्टुलावर बसले. पेपरातला फोटो आपण कसा कापतो? चिकटवायचा असेल तर चारी बाजूंनी कोरा कागद सोडून. ज्याला नाव मिटवायचं असतं तो मधोमध कातर घालतो, ओढतो आणि फेकून देतो. इथं कुणीतरी दोन्हीकडून समास सोडून, अक्षराला धक्का न लावता नाव कापलं होतं.

“खुशालराव, तुमाले नाव नको असतं तं तुमी मुंबईतच पाटी बनवली नसती,” ते म्हणाले. “तुमी नाही. पन अमरावतीत असं कोन हाये ज्याले देवमनच्या नावाशी काही घेनंदेनं हाये?”

खुशालरावांनी नाइलाजानं सांगितलं. “महादेवराव मास्तर. या सिनेमात ऑर्गनवर मलेच बसवा, असं पत्र धाडलं होतं त्याइनं. म्हातारा मानूस, बोटं वाकडी झालेली. मी उत्तरच नाही देल्लं.”

देवमन खिडकीशी गेला आणि बोलायला लागला. एकोणीस वर्षांचा असताना तो अमरावतीला मास्तरांकडे ऑर्गन शिकला. मास्तर संगीत नाटक कंपनीत होते. सांधेदुखीनं त्यांची बोटं आखडली, तेव्हा तीन हंगाम पडद्याआडून देवमननंच वाजवलं. गाव बदललं की कंपनी त्या गावात नवं हँडबिल छापून घ्यायची, आणि प्रत्येक हँडबिलावर असायचं, 'ऑर्गन : महादेवराव'.

“खेळ उठला का मास्तर त्या गावचं हँडबिल ऑर्गनच्या झाकनाले आतून चिकटवत. सगळे वाजवनारे तसंच करत. मी खळ आणून देत होतो,” देवमन म्हणाला. “काका, मुंबईनं माहं नाव नंतर घेतलं. पहिल्यांदा घेतलं ते मास्तरनं.”

४

सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं जानराव अमरावतीला उतरले. आधी गाठला डोमाजी, तिथला ऑपरेटर. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात पानाचा डबा.

“आमच्या अठी नाव होतं. शेवटच्या खेळापर्यंत होतं,” डोमाजीनं न विचारता सांगून टाकलं. “पुढचं अकोलेवाल्याइले पुसा.”

“पुसलं. बरं डोमाजी, पाट्या चालू असताना लोक काय करते?”

“काय करते? जागा हुडकते, लेकरं रडते त्याइले चूप करते. नावाकडं कोन पाह्यते बाप्पा!”

“मास्तर येते काय कधी इकडं?”

चुना लावणारं बोट थांबलं. “येते. पडदा मुका होता तवा याच थेटरात पडद्याखाली बसून वाजवत होते. मले हे काम त्याइनंच लावून देल्लं.” मग डोमाजीला एकदम खाली काहीतरी काम आठवलं.

जानरावांनी त्याला जाऊ दिलं. कातर कुणाची, हे कळलं होतं. कातर कुणी चालवायला लावली, का लावली, आणि ते नऊ फूट आता आहेत का जळून गेले, हे कळायचं होतं. देवमनला नुसतं नाव सांगून भागणार नव्हतं. मास्तरांनी आकसानं कापलं असेल, तर पोरगा तार करणारच.

बुधवारा भागात मास्तरांच्या दोन खोल्या होत्या. सत्तरीचे गृहस्थ, एकटे, धोतर स्वच्छ धुतलेलं. खोलीत पाट, खाट आणि चादरीखाली झाकलेला ऑर्गन. देवमनचं नाव काढताच म्हाताऱ्यानं जानरावांना हाताला धरून खाटेवर बसवलं.

“सातही दिवस पाहिला हो! पहिली घंटा व्हायच्या आत जाऊन बसत होतो. ती बाई बागेतून एकटी चालत जाते, संवाद एक नाही, आणि मागे ऑर्गनचा एकच खालचा सूर धरून ठेवलाय त्यानं. दुसऱ्या कुणी तिथं वीस वाद्यं वाजवली असती. याला थांबता येतं. मी शिकवलं नव्हतं ते.”

“मास्तर, अकोल्यात नाव आलं नाही.”

“आलं नाही म्हणजे?”

“सगळ्याइची नावं आली. देवमनचं नाही.”

म्हातारा ताडकन उठला. “अकोलेवाल्यांनी देवमनचं नाव दिलं नाही? एवढं मोठं गाव, छापखाने काय कमी आहेत? दोन दिवसांचं काम! आदल्या दिवशी जाऊन कुणी बघायला नको? खुशालराव काय झोपले होते?”

संताप खरा होता. जानरावांनी आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं पाहिली होती. मास्तर त्यातले नव्हते.

“तुमी ऑर्गनवर बसतो म्हनून पत्र लिहिलं होतं, आन् उत्तर आलं नाही,” ते म्हणाले. “देवमनवर राग नाही आला?”

“रागावायचा हक्क त्याचा आहे, माझा नाही.” मास्तरांनी आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. “वाजवता येणार नव्हतं, ते मलाही माहीत होतं. त्याच्या हाताखाली एकदा बसावं, एवढंच मनात होतं.”

जानराव रिकाम्या हातानं बाहेर पडले. परतीच्या गाडीला तासभर होता, आणि त्यांच्या हाती होता एक कातर चालवणारा आणि एक निरपराध म्हातारा. दोन्ही मिळून काहीच होत नव्हतं.

५

स्टेशनच्या बाकावर बसून ते म्हाताऱ्याचा प्रत्येक शब्द परत आठवू लागले. एक गाठ बोटाला खुपत होती. छापखाना.

भिंतीवरच्या जाहिराती असतील मास्तरांच्या मनात, असं आधी त्यांना वाटलं होतं. पण त्या मुंबईहूनच छापून आल्या होत्या आणि त्यांच्यावर देवमनचं नाव कुठल्याच गावात नव्हतं. आणि आपण विचारलं होतं पडद्यावरच्या नावाबद्दल. पडद्यावरच्या नावासाठी अकोल्याला छापखाना कशाला लागतो? आदल्या दिवशी जाऊन बघायचं काय?

गाडी फलाटाला लागली. हमाल ओळखीचा होता, त्यानं जागा धरली. जानराव उठले ते डब्याकडे न जाता सरळ फाटकाबाहेर टांग्याकडे.

नाटकवाल्या माणसाचं आयुष्य हँडबिलात गेलेलं. गाव बदललं की नवं हँडबिल, नवी छपाई. खेळ उठला की त्या गावच्या हँडबिलाचं काम संपलं. मग ते ज्याचं नाव त्यावर आहे त्याच्या ऑर्गनच्या झाकणात जायचं. सिनेमाच्या सुरुवातीची नावं म्हणजे त्या त्या गावचं हँडबिल, असं ज्याला वाटतं, तो शेवटच्या खेळानंतर ते मागून घेईल. अगदी निर्मळ मनानं घेईल, समास सोडून.

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा जानरावांनी नमस्कारही केला नाही. “मास्तर, ऑर्गनचं झाकन उघडता काय?”

म्हाताऱ्यानं चादर काढली, झाकण उचललं. आतल्या बाजूला पिवळी पडलेली हँडबिलं ओळीनं चिकटवलेली. यवतमाळ, कारंजा, खामगाव, अचलपूर, प्रत्येकावर महादेवराव. सगळ्यात खाली मोकळी जागा ठेवली होती, आणि तिथं दोन लहान खिळ्यांना रेशमी दोऱ्यानं बांधलेली, काळ्या फिल्मची एक गुंडाळी होती. जानरावांनी टोक उजेडात धरलं. नखाएवढ्या चौकटीत फुललेली फांदी, आणि तिच्याखाली अक्षरं.

“याच झाकणाखाली त्यानं तीन हंगाम वाजवलं,” मास्तर म्हणाले. “त्याचं एकही हँडबिल इथं नव्हतं. अमरावतीचा शेवटचा खेळ झाला, तेव्हा डोमाजीला म्हटलं, आता हे तुमच्या काय कामाचं, मला द्या. एवढंसं निघेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं पाटी असेल, लाकडाची.”

“डोमाजीनं सांगतलं नाही?”

“म्हणाला, मास्तर, एवढ्याशानं काही बिघडत नाही, नावांकडे कोण बघतं.”

जानरावांनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. गावोगावी नवीन काही छापत नाहीत. हाच डबा, हीच रिळं, अमरावतीहून अकोल्याला, अकोल्याहून पुढे. साऱ्या वऱ्हाडाला ही एकच फिल्म. आणि काल देवमनची आई ही फांदी पाहायला बसली होती.

मास्तर ऑर्गनच्या स्टुलावर बसले.

“म्हणजे त्याच्या आईसमोर…”

“हो.”

“म्हणजे दुसऱ्यांदाही त्याचं नाव मीच नेलं.” ते रडले. जानरावांनी रडू दिलं. मग म्हाताऱ्यानं आपल्या हातानं दोरा सोडायचा प्रयत्न केला, बोटं वळेनात, तेव्हा जानरावांनी सोडला. गाठ सुरेख होती, असं त्यांनी सांगितलंही. मास्तर कोट घालत होते.

“तुमी कोठी चालले?”

“अकोल्याला. हे मी नेलं, मीच परत देणार.”

६

दोनची बस त्यांना साडेपाचला अकोल्याला घेऊन आली. बेचाळीस माणसांतली बरीच आदल्या दिवशीच गावी परतली होती. सोमवारी हरभरा सोंगायला जायला नको? अकरा जण उरले होते. देवमन व्हरांड्यात वळकटीवर बसला होता, आई शेजारी.

जानरावांनी सगळं सांगितलं, काही न वगळता. मग मास्तरांनी गुंडाळी पुढे केली. देवमननं ती घेतली नाही.

“तवा काहून नाही लावलं माहं नाव, मास्तर?”

“भ्यालो,” मास्तर म्हणाले. “कंपनीचा मालक म्हणाला, याचं नाव लावलं तर लोक उठून जातील. कुठले लोक, हे मी विचारलं नाही. आणि तुझ्याशी आता खोटं कशाला बोलू? टाळ्या माझ्या नावाला पडत होत्या. त्या मला आवडल्या.”

खुशालराव आधी डोमाजीच्या मालकाला तक्रारीचं पत्र लिहायला निघाले होते. मास्तरांचं ते ऐकून थांबले, आणि त्यांनी धर्मपालच्या मॅनेजरला बाजूला घेतलं. बाहेर ताटकळत बसलेला धर्मपाल दोन मिनिटांत कामावर परत आला.

देवमन म्हाताऱ्याच्या पायाही पडला नाही आणि त्याला ‘चालता हो’ असंही म्हणाला नाही. शेवटी गुंडाळी घेऊन त्यानं धर्मपालच्या हातात दिली. “सरळ जोड,” एवढंच म्हणाला.

साडेसहाच्या खेळाला दिवे गेले. मास्तर पार्बताबाईच्या शेजारी बसले होते. विहीर आली. तिच्यामागून फांदी आली, पडदाभर, पांढऱ्या फुलांची. आणि महादेवराव मास्तर उभे राहिले. तीस वर्षं बिनमाईकच्या नाटकमंडपात ऐकू जाणाऱ्या आवाजात त्यांनी बाईला वाचून दाखवलं:

“संगीत आणि पार्श्वसंगीत! देवमन पुंजाजी इंगळे!”

“ए बुढ्या, खाली बस!” मागून ओरडा झाला. पाटी जाईपर्यंत मास्तर बसले नाहीत. अकरा माणसांनी बेचाळीसांच्या वाट्याच्या शिट्ट्या वाजवल्या.

पार्बताबाईनं पदरानं डोळे पुसले आणि लेकाकडे वळली. “सुंदर हाये बाप्पा फांदी. पन एवढ्यासाठी तू जेवला नाही कालपासून? मले तं काल वाजवनं आयकूनच समजलं होतं, हे माह्या लेकराचं हाये म्हनून.”

“तुले समजलं माय,” देवमन म्हणाला. “बाकीच्याइले कसं समजन?”

पडद्यावरची ती बाई बागेतून चालत जाण्याआधीच देवमन उठला. जानराव त्याच्या मागे निघाले. तारऑफिस बंद व्हायला अर्धा तास होता. देवमननं फॉर्मवर मुंबईचा पत्ता लिहिला, खाली 'येत नाही' असे दोन शब्द लिहिले आणि फॉर्म जाळीतून आत सरकवला.

कारकुनानं पेन्सिलीनं शब्द मोजले. “नाव मजकुरात घातलेलं नाही तुम्ही. ते घालायचं तर त्याचे शब्द वेगळे पडतात. नसलं तरी चालते म्हणा. ज्यांना पाठवता, ते समजून घेतीलच कुणाची तार आहे ते.”

“नाही घेत ते समजून,” देवमन म्हणाला. “द्या इकडं.”

त्यानं फॉर्म परत ओढून घेतला आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत त्यावर आपल्या नावाचे तिन्ही शब्द लिहिले.